कॅमेऱ्याचे तीन पाय

कॅमेरा विकत घ्यावयाचा झाला म्हणजे माणूस महिनाभर विचार करतो. चार दुकाने हिंडतो, दहा जाणत्यांना विचारतो, घरातल्या मंडळींची मनधरणी करतो आणि मग कुठे पैसे मोजतो. त्याच कॅमेऱ्याखाली ठेवावयाच्या स्टँडचा विचार मात्र पाच मिनिटांत आटोपतो. दुकानातून निघता निघता, 'एखादा हलकासा, स्वस्तसा स्टँडही द्या बरोबर,' असे म्हटले की झाले. गवयाने गळ्यावर वर्षानुवर्षे मेहनत घ्यावी आणि मैफलीला बसताना मात्र हाताला लागेल तो तंबोरा, न जुळवताच, मागे धरावा, तसलाच हा प्रकार होय.

तंबोरा स्वतः काही गात नाही, आणि स्टँडही चित्र काढीत नाही. परंतु तो बेसूर असला तर गाणे बिघडते, आणि हा डळमळीत असला तर चित्र बिघडते. फरक इतकाच, की तंबोऱ्याचा दोष तत्काळ कानांना कळतो. स्टँडचा दोष घरी येऊन चित्र मोठे करून पाहीपर्यंत कळत नाही, आणि तोपर्यंत सूर्य मावळलेला असतो, पाहुणे गावी गेलेले असतात.

हात का पुरत नाही?

कितीही धीराचा माणूस असला तरी त्याचा हात सूक्ष्म थरथरतच असतो. श्वास चालू असतो, नाडी चालू असते. भरदुपारच्या उन्हात झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटते, त्यामुळे तो कंप चित्रात उतरत नाही. जाणत्या लोकांनी यासाठी एक ठोकताळा घालून दिलेला आहे: भिंग जितक्या मिलिमीटरचे, निदान सेकंदाच्या तितकाव्या भागात चित्र घ्यावे. ५० मिलिमीटरचे भिंग असेल तर सेकंदाचा पन्नासावा भाग, २०० मिलिमीटरचे असेल तर दोनशेवा. याहून अधिक वेळ झडप उघडी ठेवावी लागली, की हातावरचा भरवसा संपला.

आता राजवाड्यासमोर दिवेलागणीला उभे राहून पाहा. आकाशात निळसर उजेड उरलेला आहे, सज्ज्यांवर दिवे लागले आहेत. चित्र स्वच्छ, दाणेरहित हवे असेल आणि जवळच्या कठड्यापासून सातव्या मजल्यापर्यंत सारे रेखीव हवे असेल, तर झडप दोन-चार सेकंद उघडी ठेवावी लागते. तिथे हाताचा काय पाड?

यावर कोणी म्हणेल, आजच्या कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्येही कंप सावरून घेणारी यंत्रणा असते, मग हे लोढणे कशाला? ती यंत्रणा उत्तम आहे यात शंका नाही. पुष्कळशा प्रसंगी तिने स्टँडची गरज कमी केली आहे. परंतु ती सेकंदाचे काम सांभाळील, अर्ध्या मिनिटाचे सांभाळणार नाही. आणि एकाच जागेवरून, तीच चौकट कायम राखून, पाच वेगवेगळ्या वेळी पाच चित्रे घेणे तर तिच्या कक्षेतच येत नाही. तिथे तीन पायच लागतात.

तीनच का, चार का नव्हेत, हेही सांगून टाकतो. चार पायांचे टेबल उंचसखल फरशीवर डुगडुगते आणि आपण एका पायाखाली कागदाची घडी सारतो. तीन पाय कशाही जमिनीवर ठेवा, तिन्ही टेकतातच. कारण तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जातेच. आपल्या आजीची तिवई याच न्यायाने शेणाने सारवलेल्या भुईवरही न डुगडुगता उभी राहत असे.

इंदूरचा एक धडा

या विषयात इंदूरकरांनी आपल्याच शहराकडे पाहावे. मेरठजवळच्या सरधन्याला १८४४ साली जन्मलेले आणि रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले लाला दीनदयाळ १८६६ च्या सुमारास इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर आले. इथेच त्यांना छायाचित्रणाचा छंद लागला. सर हेन्री डॅली यांनी त्यांना उत्तेजन दिले, महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी आश्रय दिला. मध्य भारतातील किल्ले, देवळे आणि वाडे त्यांनी टिपले. लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ साली निघालेल्या 'फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया' या ग्रंथातील छायाचित्रे त्यांचीच. पुढे ते हैदराबादला निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, 'राजा मुसव्विर जंग' हा किताब त्यांना मिळाला आणि १९०५ साली ते वारले.

त्या काळचा मोठा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, कातडी भाता आणि काचेची पाटी. हातात धरून चित्र घेण्याचा प्रश्नच नव्हता. पाटी मंद होती, झडप सेकंदांच्या हिशेबाने उघडी ठेवावी लागे. स्टुडिओत चित्र काढून घ्यावयास बसलेल्या माणसाचीही मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावीत असत. अशा वेळी स्टँड हा कॅमेऱ्याचा जोडीदार नव्हता, तो कॅमेऱ्याचा निम्मा भाग होता. दीनदयाळांच्या चित्रांत दगडावरची नक्षी आजही बोट ठेवून मोजता येते, तिचे श्रेय भिंगाला आहे, हाताला आहे आणि त्या लाकडी पायांनाही आहे.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या गृहस्थाने 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ साली, भांडवल देऊ शकणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या वाढत्या रोपाची थोडीथोडी चित्रे घेत 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट तयार केला. त्या मुदतीत कॅमेरा दोन बोटे जरी सरकला असता, तरी पडद्यावर रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते. भारतीय चित्रपटसृष्टीचा आरंभ अचल कॅमेऱ्यापासून झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

पायांची निवड

आता बाजारात जाऊ. दुकानात स्टँडची ओळच्या ओळ असते. कशाकडे पाहावे?

पहिली गोष्ट उंची. ही आपल्या डोळ्यांवरून काढावी. ज्याचे डोळे जमिनीपासून पाच फूट तीन इंचांवर आहेत, त्याने त्यातून वरच्या डोक्याचे चार-पाच इंच आणि कॅमेऱ्याच्या दर्शकाचे तीन-चार इंच वजा करावेत. उरतात साधारण चार फूट सात इंच. मधला दांडा वर न काढता नुसते पाय या उंचीचे हवेत. दुकानदार जी उंची सांगतो ती बहुधा दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते, हे ध्यानात असू द्यावे. आणि मधला दांडा वर काढणे म्हणजे तीन पायांवर एक पाय उभा करणे. सारी स्थिरता तिथेच निघून जाते. अडीअडचणीला चार बोटे वर घ्यावा, नित्याला नव्हे.

दुसरी गोष्ट नळीची जाडी. बोटाएवढ्या नळ्यांचा स्टँड कितीही चकचकीत असला तरी त्याला नमस्कार करून पुढे जावे. पत्रा तितकाच जाड ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा ताठपणा दुपटीने नव्हे, सुमारे आठपटीने वाढतो. म्हणून थोडीशी जाड नळीही फार काम करते. प्रत्येक पाय तीन, चार किंवा पाच तुकड्यांचा असतो. तुकडे जितके अधिक तितका स्टँड मिटल्यावर आखूड होतो, प्रवासाला सोयीचा होतो. परंतु शेवटचा तुकडा तितकाच बारीक होतो आणि सांधे वाढतात. ज्याला आगगाडीने हिंडावयाचे आहे त्याने चार तुकड्यांचा घ्यावा, ज्याला घरात आणि शहरात काम आहे त्याने तीन तुकड्यांचा. पाय पसरताना नेहमी वरचे जाड तुकडे आधी उघडावेत. बारीक तुकडा शेवटी, तोही गरज पडलीच तर.

तिसरी गोष्ट धातू. ॲल्युमिनियमचा स्टँड स्वस्त, दणकट आणि थोडा जड. कार्बनच्या धाग्यांचे स्टँड १९९४ साली गित्झो या फ्रेंच कंपनीने प्रथम बाजारात आणले. ते हलके असतात, थंडीत हाताला गार लागत नाहीत आणि कंप लवकर शमवितात. मात्र किंमत चांगलीच मोजावी लागते. लाकूड तर कंप गिळण्यात पटाईतच, आणि जर्मनीत ॲश लाकडाचे स्टँड अजूनही तयार होतात. ज्याची पाठ तरुण आहे आणि खिसा बेताचा, त्याने खुशाल ॲल्युमिनियम घ्यावे. ज्याच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली आहे, त्याने कार्बनचा विचार करावा. कारण जड म्हणून घरी खुंटीला टांगून ठेवलेल्या उत्तम स्टँडपेक्षा बरोबर नेलेला मध्यम स्टँड बरा.

चौथी गोष्ट पायांच्या कड्या. काहींना पिळाच्या असतात, काहींना खटक्याच्या. खटका लागला की नाही हे डोळ्यांना दिसते, पण तो दोरा-कापडात अडकतो. पीळ आटोपशीर असतो, पण तो पुरता आवळला की नाही हे हातालाच कळावे लागते. यात बरेवाईट काही नाही, सवयीचा प्रश्न आहे. मात्र जी कडी उघडून साफ करता येत नाही ती घेऊ नये. नर्मदेच्या वाळवंटात एकदा स्टँड रोवला, की ती वाळू पुढे वर्षभर पायांत करकरत राहते.

डोक्याचा विचार

पायांवर जे डोके बसते त्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक दांड्यांचे. त्यात मागेपुढे, आडवे आणि वर्तुळात अशा तिन्ही हालचालींना वेगवेगळा दांडा असतो. काम संथ होते, पण एक बाजू बदलताना दुसरी बिघडत नाही. वास्तू, चित्रे, कागदपत्रे यांसाठी हेच उत्तम. दुसरे गोलकाचे. एक स्क्रू सैल केला की कॅमेरा कुठेही वळतो, आवळला की थांबतो. पक्षी, मुले, उत्सव यांसाठी हे सोयीचे. चलच्चित्रे घेणाऱ्यांसाठी तेलाच्या प्रतिकाराने सावकाश फिरणारे तिसरे डोके मिळते. ज्याला ते काम नाही त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

गोलकाच्या डोक्यात एक खोड पाहून घ्यावी. कॅमेरा बसवून चौकट नेमकी करावी, स्क्रू आवळावा आणि हात सोडावा. भिंग हळूच खाली झुकले, तर ते डोके नाकारावे. उंबरठ्यावर चित्र नेमके बसविले आणि हात सोडताच खाली भुई दिसू लागली, याहून संतापजनक दुसरे काही नाही.

सुदैवाने एका बाबतीत जगभर एकवाक्यता आहे. कॅमेऱ्याच्या तळाशी जे भोक असते त्याचे आटे पाव इंची स्क्रूचे असतात, आणि ही प्रथा फार जुनी आहे. त्यामुळे कोणाच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचा दणकट स्टँड पडला असेल, तर बहुधा आजचा कॅमेराही त्यावर बसेल. काही जुन्या स्टँडांना तीन अष्टमांश इंचाचा जाड स्क्रू असतो. त्यासाठी छोटीशी पितळी बुशी मिळते. नवा स्टँड घेण्यापूर्वी माळा पाहून घ्यावा, हा सल्ला पुणेरी वाटला तरी इंदुरातही उपयोगी आहे.

दुकानातली परीक्षा

वेष्टनावर 'इतके किलो वजन पेलतो' असे छापलेले असते. हे आकडे मोजण्याची सर्वांना बांधील अशी एकच रीत नाही; ज्याने त्याने आपल्या मापाने मोजलेले असतात. म्हणून आपल्या कॅमेरा-भिंगाच्या निदान दुप्पट वजन लिहिलेले असावे आणि त्यावरही विसंबू नये.

स्टँड पूर्ण उंच करावा, कड्या आवळाव्यात, वर तळहात ठेवून हलका भार द्यावा. पाय बाहेर घसरू लागले तर नको. डोके दोन्ही हातांनी धरून पिळून पाहावे. पायांच्या सांध्यांत खेळ जाणवला तर नको. मग आपला कॅमेरा चढवून सर्वांत लांबचे भिंग लावावे, रस्त्यापलीकडच्या पाटीवरील एखादे अक्षर पडद्यावर मोठे करून पाहावे आणि पायाला टिचकी मारावी. अक्षर थरथरेल, किती वेळात शांत होते ते मोजावे. दोन स्टँड शेजारी ठेवून हा प्रयोग केला म्हणजे दुकानदाराला काही विचारावे लागत नाही. जो दुकानदार हे करू देत नाही, त्याच्याकडचा माल कसा आहे हे त्याने सांगितलेच.

माळव्यातले काही प्रसंग

चांगला स्टँड घेतला तरी तो लावण्याचे शास्त्र आहे. महेश्वरच्या घाटावर पहाटे जाणाऱ्यांनी पायऱ्यांवर दोन पाय खालच्या पायरीला आणि एक वरच्या पायरीला लावावा; म्हणजे कॅमेरा नदीच्या दिशेने कलंडत नाही. सपाट जमिनीवर एक पाय भिंगाखाली पुढे असावा आणि आपण उरलेल्या दोहोंच्या मधे उभे राहावे, म्हणजे पायाला पाय लागत नाही. वारा असेल तर मधल्या आकड्याला पिशवी टांगावी, परंतु ती जमिनीला टेकलेली असावी. लोंबकळणारी पिशवी घंटेसारखी हलते आणि स्टँडलाही हलविते. कॅमेऱ्याचा पट्टाही काढून ठेवावा, तो वाऱ्यात शिडासारखा फडफडतो. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांनी आपोआप झडप उघडणारी सोय वापरावी. कंप सावरणारी यंत्रणा काही कॅमेऱ्यांत स्टँडवर असताना उलटी बाधते. ती बंद करून आणि चालू ठेवून एकेक चित्र घ्यावे, म्हणजे आपल्या कॅमेऱ्याचा स्वभाव कळतो.

मांडूला पावसाळ्यात जाणाऱ्यांनी एक चौकशी अवश्य करावी. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत स्टँड लावावयास आगाऊ परवानगी लागू शकते. ती आधी विचारून घेतली, म्हणजे जहाजमहालाच्या दाराशी पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात सकाळचा उजेड वाया जात नाही.

काही ठिकाणी मात्र स्टँड नेऊच नये. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी ही परंपरा सोडलेली नाही. त्या गर्दीत तीन पाय पसरणे म्हणजे कोणा म्हाताऱ्या माणसाला पाडणे. रंगपंचमीच्या गेरीतही तेच. तिथे एक जुनी युक्ती आहे: पाव इंची स्क्रूला मजबूत सुतळी बांधावी, स्क्रू कॅमेऱ्याच्या तळाशी फिरवावा, सुतळीचे दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणून धरावी. हाताचा कंप पुष्कळच कमी होतो. कठडा जवळ असेल तर मूग किंवा तांदूळ भरलेली छोटी कापडी पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. खर्च काहीच नाही, आणि जत्रा संपल्यावर मुगाची उसळ करता येते.

घरातला खरा उपयोग

परंतु माझ्या मते स्टँडचे सर्वांत मोलाचे काम घाटावर नाही, राजवाड्यासमोरही नाही. ते आपल्या घरात आहे.

होळकरांच्या चाकरीत आलेल्या आपल्या पूर्वजांनी मागे काय ठेवले? कोणाकडे मोडीतली सनद आहे, कोणाकडे खर्चाच्या वह्या, कोणाकडे कुळाची वंशावळ, कोणाकडे काळसर पडलेले एकत्र कुटुंबाचे छायाचित्र, ज्यातली निम्मी माणसे कोण हे सांगणारी एकच काकू आता उरली आहे. हे कागद ट्रंकेत आहेत. त्यांना कसर लागते, दर पावसाळ्यात ओल लागते. १९८४ साली राजवाड्याला लागलेल्या आगीने एवढ्या मोठ्या वास्तूचे काय केले, ते या शहराने पाहिले आहे. ट्रंकेतल्या कागदाची काय कथा?

या कागदांची हातात मोबाइल धरून घेतलेली चित्रे एका बाजूला रेखीव आणि दुसऱ्या बाजूला पुसट येतात. मोडीचा एखादा फाटा वाचता येत नाही आणि अर्थच फिरतो. इथे स्टँड लावावा. पुष्कळ स्टँडांचा मधला दांडा काढून उलटा घालता येतो किंवा आडवा करता येतो. मग कॅमेरा सरळ खाली पाहू लागतो. आडवा दांडा केला तर विरुद्ध बाजूला वजन टांगावे, नाहीतर सारा डोलारा सनदेवरच कोसळेल. कॅमेरा कागदाला समांतर आहे की नाही, हे पाहण्याची सोपी रीत अशी: कागदाच्या जागी सपाट आरसा ठेवावा आणि भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत डोके फिरवावे. नंतर आरसा काढून कागद ठेवावा. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे, साधारण ४५ अंशांवर लावावेत, म्हणजे चमक येत नाही. एकदा ही मांडणी जमली की फक्त पाने उलटावयाची. एका दुपारी शेदोनशे पाने सहज होतात, आणि सारी एका मापाची, एका उजेडाची येतात.

मोबाइलवाल्यांनीही निराश होऊ नये. मोबाइल धरणारा चिमटा स्वस्तात मिळतो, त्याच्या तळाशी तेच पाव इंची आटे असतात. कॅमेरा कुठला हा प्रश्न इथे दुय्यम आहे. तो हलतो की नाही, हा मुख्य.

तात्पर्य, स्टँड घेताना आपण कुठे जाणार, काय टिपणार आणि किती ओझे उचलणार, या तीन प्रश्नांची खरी उत्तरे आधी द्यावीत, कॅमेऱ्याइतकाच विचार करावा आणि एकदाच चांगला घ्यावा. कॅमेरे दर पाच-सात वर्षांनी जुने होतात. बरा स्टँड नातवाच्या कॅमेऱ्याखालीही उभा राहतो. आणि तो घरी आला, की पहिले चित्र सूर्यास्ताचे घेऊ नये. सूर्य उद्याही मावळणार आहे. पहिल्या रविवारी ट्रंक उघडावी आणि त्या काकूंना शेजारी खुर्ची द्यावी.